परड्याचा हिशेब

शहरात वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना 'परडे' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते. पाठ्यपुस्तकातला 'परसबाग' हा शब्द त्यांना ठाऊक असतो. पण परसबाग म्हटली, की त्यांच्या डोळ्यांपुढे गुलाबाची चार झाडे, एखादी जाई आणि मधोमध तुळशीवृंदावन उभे राहते. परडे हे त्याहून पुष्कळच रोकडे प्रकरण आहे. घराच्या मागील दारापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून दगडी गडग्यापर्यंत जी जमीन उरते, जिच्यात बैल किंवा यंत्र न घालता घरच्याच माणसांनी कुदळीने खणून घरापुरती भाजी पिकवायची, ते परडे. आमच्या सिंधुदुर्गात जुन्या घरामागे ते बहुधा असतेच. (जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, परडी अर्थातच त्याच्या कितीतरी आधीची आहेत.)

आमचे परडे चार गुंठ्यांचे आहे. म्हणजे एका एकराचा दहावा हिस्सा. त्यात विहीर, न्हाणीघर, लाकडे ठेवण्याची खोप आणि दोन माड वजा करता तीन गुंठे जागा भाजीला मिळते. एवढ्याशा जागेवर लेख लिहावा असे त्यात काय आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे, की गेली काही वर्षे आमच्या घरात 'परडे ठेवायचे की नाही' हा एकच विषय चर्चेला आहे. सातबाऱ्यावर बाबांचे व मुंबईतील काकांचे, अशी दोन नावे आहेत. काकांना आपला हिस्सा वेगळा करून विकायचा आहे. परड्याच्या कडेने आता डांबरी रस्ता झाला आहे, आणि रस्त्यालगतच्या जागेला गिऱ्हाईक मिळते. परड्यातून आपल्याला मिळते तरी काय, असे काकांनी विचारले तेव्हा कोणालाच नीट सांगता येईना. आई म्हणाली, "भाजी मिळते." किती, हे तिला ठाऊक नव्हते. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून ते काम साहजिकच माझ्याकडे आले. जून २०२३ ते मे २०२४ असे एक वर्ष मी परड्यातून निघालेली प्रत्येक टोपली वजन करून वहीत टिपून ठेवली. त्या हिशेबाकडे शेवटी येऊच. पण परडे चालते कसे, हे कळल्यावाचून त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

सुरुवात मातीपासून केली पाहिजे, कारण कोकणातील माती ही मुळात भाजीची माती नव्हे. आमच्या पायाखाली आहे तो जांभा. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ साली मलबारातल्या याच जातीच्या दगडाला लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले, आणि आमच्या गावचा पाथरवट अजूनही विटेसारखाच त्याचा चिरा कापतो. जांभ्याची माती लाल दिसते, याचे कारण तीत उरलेले लोह होय. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि तोही हजारो वर्षे! त्या पावसाने मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश हे सारे धुऊन नेले. मागे राहिले ते न विरघळणारे लोखंड व ॲल्युमिनियम. म्हणून ही माती आम्ल झाली आहे. शिवाय तिची एक खोड अशी, की तिच्यात स्फुरद घातले तरी लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून बसतात. रोपाच्या वाट्याला फार थोडे येते. नुसते पोत्यातले खत टाकून परडे का पिकत नाही, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

मग आमच्याकडे माती करतात. 'करतात' हाच शब्द योग्य आहे. माघ-फाल्गुनात काजू, फणस व आंब्याखालचा पातेरा झाडून एका खड्ड्यात टाकायचा, त्यावर गोठ्यातले शेण, पुन्हा पातेरा, पुन्हा शेण. चुलीतली राख मात्र खड्ड्यात न टाकता वेगळ्या डब्यात कोरडी ठेवतात, कारण राखेला पुढे चार कामे असतात. राखेत चुना व पालाश दोन्ही असल्याने मातीचा आम्लपणा थोडा कमी होतो, आणि कुजलेल्या शेणा-पातेऱ्यामुळे स्फुरद मोकळे राहण्यास मदत होते. हे शास्त्र मला महाविद्यालयात आल्यावर वाचून कळले. आजीला ते 'राखेबिगर मिरची लागत नाय' एवढ्या शब्दांत ठाऊक होते. घरात गॅस आल्यापासून राख कमी पडू लागली. आई न्हाणीघरातले पाणी अजून लाकडांवर तापवते, त्यामागे राखेचाही स्वार्थ आहे असा मला संशय आहे.

वाफ्यांचा नियम सोपा: पावसात उंच, उन्हाळ्यात खोल. पावसाळ्यात वेलांची आळी जमिनीपासून वीतभर उंच मातीच्या ढिगावर करतात, नाहीतर मुळाशी पाणी साचून वेल कुजतो. हिवाळ्यात तोच ढीग फोडून वाफा कडेने बांध घालून खोलगट करतात, म्हणजे ओतलेले पाणी बाहेर पळत नाही.

परड्याचे खरे वैभव पावसाळ्यातील मांडवाचे. रोहिणी नक्षत्र लागले, म्हणजे २५ मेच्या सुमारास, बाबा माणग्याच्या काठ्या तोडून आणतात. माणगा हा आमच्याकडचा भरीव, बारीक बांबू. मेढी रोवायच्या, त्यांवर आडव्या काठ्या, त्यांवर चिरलेल्या कामठ्यांची जाळी. बांधायला पूर्वी सुंभ असे, आता नायलॉनची दोरी आली. मांडवाची उंची आईच्या वर केलेल्या हाताएवढी; बाबांच्या हाताएवढी नव्हे, कारण भाजी काढणार आई. मांडवाचे प्रयोजन केवळ वेल वर चढवणे एवढेच नाही. पडवळ, दोडका, दुधी ही फळे अधांतरी लोंबली, की सरळ वाढतात, चिखल लागत नाही, आणि पानांखाली वारा खेळल्याने बुरशी कमी येते. पडवळ तरीही वाकडे वाढू लागलेच, तर त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधतात. लहानपणी मला तो दगड म्हणजे पडवळाला दिलेली शिक्षा वाटे. मांडवाखालची सावलीही फुकट जात नाही. तेथे अळू, हळद आणि आले.

बी पेरण्याचा मुहूर्त मृगाचा. पण आई एवढ्यावर भागवत नाही. ती गणेशचतुर्थीची तारीख पाहते आणि तेथून मागे अडीच महिने मोजते. कारण चतुर्थीला गणपतीवर माटवी बांधतात, तीत तवसे, पडवळ, दोडका, चिबूड अशी घरची फळे टांगायची असतात, आणि पाहुण्यांच्या पंगतीही त्याच आठवड्यात उठतात. २०२३ साली श्रावण अधिक आला, चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. मृगावर टाकलेले वेल तोपर्यंत थकून जाणार, हे ओळखून आईने निम्मे बी जुलैच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवले. त्या वर्षी पाऊसही विचित्र. दक्षिण कोकणात तो ११ जूनला उशिरा पोचला आणि ऑगस्टमध्ये तर असा दडी मारून बसला, की १९०१ पासूनच्या नोंदींत देशभराचा इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. भर श्रावणात आम्ही कळशीने वेलांना पाणी घातले. शेजारच्या आजोबांनी आपल्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात असे पाहिले नसल्याचे सांगितले. पण ते दरवर्षी काहीतरी असे सांगतातच.

वेलांच्या फुलांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण याबाबत पुष्कळांचा गैरसमज असतो. वेलाला भरपूर फुले येतात आणि सारी गळून पडतात, तेव्हा 'वेल वांझ आहे' असे म्हणून लोक तो उपटतात. वस्तुतः भोपळा, दुधी, काकडी, कारले या कुळातील वेलांवर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले एकाच वेलावर येतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक नरच. ती गळणारच. मादी फूल ओळखणे अगदी सोपे. पाकळ्यांच्या मागे देठाशी चिमुकले फळ आधीच तयार असते. परागकण नर फुलातून मादी फुलात जाईपर्यंत मात्र ते फळ नव्हे. तसे न झाल्यास पिवळे पडून गळते. हे काम किडे करतात, आणि प्रत्येक वेलाची वेळ वेगळी. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते व ऊन चढताच मिटते, तेथे मधमाश्या. घोसाळेही सकाळचे. पण त्याचा सख्खा भाऊ दोडका दुपार कलल्यावर उमलतो. दुधी आणि पडवळ यांची फुले पांढरी, संध्याकाळी उघडणारी. अंधारात दिसावे म्हणूनच की काय! त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. पडवळाच्या फुलाला कडेने पांढऱ्या धाग्यांची झालर असते. दिवेलागणीला मांडवाखाली उभे राहून ती एकदा पाहावी. मला तरी मोगऱ्यापेक्षा ती अधिक देखणी वाटते.

पावसाची झड लागली, की किडे बाहेर पडत नाहीत आणि फळधारणा थांबते. अशा वेळी आई पहाटे छत्री घेऊन परड्यात जाते, भोपळ्याचे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलते आणि आतला दांडा मादी फुलात फिरवते. याला ती 'फूल लावणे' म्हणते. आमच्याकडे एका पावसाळ्यात चार-पाच भोपळे तरी असे हाताने लावलेले असतात.

आता बियाण्याविषयी. कारल्याचे 'कोकण तारा' हे बी बाबांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणातले म्हणून आणले होते. (हे विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले.) त्याची कारली मध्यम लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती, आणि आमच्या पावसाला चांगली टिकतात. तवसे, पडवळ आणि घोसाळे यांचे बी मात्र घरचे. वेलाच्या बुडाकडील तिसरे-चौथे निरोगी फळ बियांसाठी सोडायचे आणि त्याला चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या फळाला हात लावायचा नाही, हा परड्यातला एकमेव कडक कायदा. ते वेलावरच पिकू द्यायचे, मग बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून राखेत मिसळून बाटलीत भरायचे. राखेमुळे ओल धरत नाही आणि कीडही लागत नाही. आजी पूर्वी काही बी ताज्या शेणाच्या गोळ्यात घालून चुलीमागच्या भिंतीला थापत असे. मृगावर गोळा फोडला की बी खतासकट तयार.

दुधीचे बी ठेवताना मात्र फार जपावे लागते. कडू दुधी चव बिघडवतो एवढेच नव्हे, तर विषारी असतो. या कुळातील वनस्पतींत कुकुर्बिटासिन नावाचे कडू द्रव्य असते. माणसाने शतकानुशतके गोड फळांचेच बी ठेवून ते जवळजवळ नाहीसे केले. पण कधी रानटी वेलाशी संकर होऊन, कधी वेल ताणात सापडून ते पुन्हा डोके वर काढते. म्हणून दुधी चिरताना आई आधी एक कपचा जिभेवर ठेवून पाहते, आणि कडू लागलाच तर थुंकून सबंध फळ फेकते. त्या वेलाचे बी अर्थातच ठेवायचे नाही. दुधीचा रस काढून पिणाऱ्यांनी ही साधी चाचणी कधीच चुकवू नये.

परड्याला बैल का लावत नाहीत, याचे एक कारण जागा अडचणीची हे आहेच, दुसरे ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, असा आमच्याकडील बायकांचा नेम. शेतातला भात बैलाने नांगरलेला, म्हणून तो वर्ज्य. खायचे ते हाताने खणलेल्या मातीतले: अळू, भोपळा, भेंडी, पडवळ, तांबडी भाजी, सुरण, असे सारे एकत्र शिजवून. २० सप्टेंबर २०२३ रोजी आमच्या परड्यातून गावातल्या अकरा घरांना पंचमीची भाजी गेली, अशी वहीत नोंद आहे. आता आमच्या गावात बहुतेक शेते पॉवर टिलरने नांगरली जातात. मग तो भात पंचमीला चालावा की नाही, यावर आजी आणि शेजारच्या काकू यांचा वाद झाला होता. आजीचा निर्णय: "टिलराक काय जीव आसा? पण नेम तो नेम."

कीड आणि जनावरे हा परड्याचा दुखरा भाग होय. वेल दोन पानांचा असतानाच तांबडे भुंगेरे येऊन ती दोन पाने चाळणीसारखी करतात. त्यांवर पहाटे दव असताना राख उडवायची; हे राखेचे आणखी एक काम. फळमाशी अधिक लबाड. ती कोवळ्या फळाच्या सालीत टोचून आत अंडी घालते. वरून एक ठिपका दिसतो, आणि आत आठवड्यात अळ्या वळवळतात. किडके तवसे चिडून गडग्यापलीकडे भिरकावण्याची सर्वांना सवय असते, आणि तेथेच माशीचे फावते. अळ्या त्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात आणि नव्या माश्या होऊन परत येतात. किडके फळ पिशवीत बांधून उन्हात ठेवावे किंवा हातभर खोल पुरावे. आंब्यासाठी लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा भाजीला उपयोगी नाही. तो आंब्यावरील माशीच्या नरांना ओढतो. वेलांवरच्या माशीला क्यू-ल्यूर नावाचे वेगळे आमिष लागते. गावात बरेच जण आंब्याचा सापळा मांडवाला टांगून 'सापळ्याने काही होत नाही' म्हणतात, ते यामुळे.

पण माशीशी लढता येते. वानरांशी येत नाही. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोन्ही आमच्याकडे येतात. एक कळप मांडवावर उतरला, की खाण्यापेक्षा नासधूसच अधिक. कोवळी काकडी तोडून एक चावा घ्यायचा, टाकायची, दुसरी तोडायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वानराला संरक्षण आहे, आणि तसेही हनुमंताच्या जातभाईवर हात उगारायला आमच्या आजीची तयारी नाही. ती फक्त शिव्या देते. आमच्या वाडीतील सात परड्यांपैकी चार परडी गेल्या दहा वर्षांत पडली, त्यातली तीन वानरांना कंटाळून. परडे पडले, की वानर पुढच्या परड्यात येतात. म्हणजे जितकी परडी कमी, तितका उरलेल्यांवर भार अधिक. अर्थशास्त्राच्या वर्गात एकाच्या वागण्याचा खर्च दुसऱ्यावर कसा पडतो हे शिकवतात, तेव्हा मला हे गडगे आठवतात.

आमच्या परड्याने यावर तोड काढली ती पिके बदलून. रताळी आणि पपई बंद केली. तवशाचे वेल घराच्या अगदी लगत, मागच्या पडवीसमोर आणले, त्यावर जाळे घातले. गडग्याच्या कडेला वानरे ज्याला शिवत नाहीत ते: मिरची, हळद, कारली, अळू आणि सुरण. अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच आपल्याला खाजवतात. चिंच किंवा आमसूल घालून शिजवल्याशिवाय ते खाता येत नाहीत, आणि वानरांजवळ आमसूल नाही! सुरणाची एकच अडचण, त्याला धीर लागतो. लहान गड्डा लावला, तर दर पावसाळ्यात वाढवत नेऊन चांगला मोठा सुरण व्हायला तीन-चार वर्षे जातात.

भातकापणी झाली, मांडव उतरवला, की परड्याचे दुसरे रूप सुरू होते. मुळा, तांबडी भाजी, वांगी, नवलकोल, वालीच्या शेंगा, कोथिंबीर. तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांत हाती येते, म्हणून आई दर पंधरवड्याला अर्धा वाफा पेरते. हे सारे विहिरीवर. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस त्यातून भराभर मुरतो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो. तेच पाणी विहिरीत. जुलैत आमची विहीर काठोकाठ असते, आणि फेब्रुवारीनंतर ती तितक्याच वेगाने उतरते. पूर्वी तिच्यावर लाट होती. दोन मेढींवर तोललेली लांब डांडी, मागच्या टोकाला दगड, पुढच्या टोकाला दोरीने बांधलेले भांडे. माणूस दोरी खाली ओढतो, आणि भरलेले भांडे दगडाच्या भाराने वर येते. बाबांनी पंप बसवला तो मी जन्मण्यापूर्वी. पंपाने श्रम वाचले हे खरे. परंतु एप्रिलमध्ये पंप पंधरा मिनिटांत विहिरीचा तळ दाखवतो आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावे लागते. लाटेवर माणूसच आधी दमत असे, विहीर नाही. न्हाणीचे पाणी केळी आणि अळवाला जाते, त्यामुळे मेमध्ये सारे परडे करपले तरी न्हाणीमागे हिरवा कोपरा असतो.

आता हिशेब. जून २०२३ ते मे २०२४ या बारा महिन्यांत परड्यातून एकूण ४२८ किलो भाजी निघाली. सर्वांत अधिक सप्टेंबरमध्ये, ७४ किलो. सर्वांत कमी मेमध्ये, ८ किलो. त्यांपैकी २४७ किलो आम्ही पाच माणसांनी आणि आल्यागेल्याने खाल्ली, ६३ किलो आठवडा बाजारात विकली, आणि ११८ किलो दिली. 'दिली' हा रकाना मी आधी ठेवलाच नव्हता; पहिल्याच आठवड्यात तो आखावा लागला. विक्रीचे २,१४० रुपये आले. खर्च असा: माणगे व दोरी ९०० रुपये, जाळे २,३०० रुपये, सापळे २४० रुपये, विकतचे बी ११० रुपये, एकूण ३,५५० रुपये. रोखीत पाहिले तर १,४१० रुपयांचा तोटा. घरी खाल्लेली भाजी बाजारातून किलोला सरासरी ४० रुपयांनी आणावी लागली असती असे धरले, तर ९,८८० रुपये वाचले. येथवर परडे जिंकते. पण आईचे श्रम? दिवसाला सरासरी सव्वा तास, म्हणजे वर्षाचे सुमारे ४५६ तास, आठ तासांचा दिवस धरून ५७ दिवस. ४०० रुपये रोज लावला तर २२,८०० रुपये. मजुरी धरली, की परडे साफ बुडीत.

हा आकडा मी काकांपासून लपवला नाही. मे २०२४ मध्ये ते सुटीला आले, तेव्हा वही त्यांच्यापुढे ठेवली. काकांविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, दोन मुलांची शिक्षणे आहेत, आणि निम्मी जमीन कायद्याने त्यांची आहे. त्यांनी सारी वही वाचली. मजुरीच्या आकड्याशी थांबून ते म्हणाले, "बघ, तूच सिद्ध केलेस." आई शेगडीपाशी होती. ती म्हणाली, "भावोजी, ती मजुरी मला कोण देणार होते? परडे नसते तर मी त्या सव्वा तासात काय केले असते, तेही वहीत लिहायला सांगा." यावर काकांना उत्तर सुचले नाही आणि मलाही नाही. अर्थशास्त्रात याला संधित्याग परिव्यय असे भारदस्त नाव आहे; पण आमच्या गावात पन्नाशीच्या बाईला रोज सव्वा तासाचे काम देणारे कोणी नाही, तेव्हा तो परिव्यय नेमका किती धरावा, हे आमच्या क्रमिक पुस्तकात सापडत नाही.

काका 'दिली' या रकान्यावरही बराच वेळ रेंगाळले. त्यातली बहुतेक नावे त्यांच्या ओळखीची. एका नावापाशी ते म्हणाले, "ही अजून आहे?" ती शाळेत त्यांना डबा देणारी म्हातारी. तिला आठवड्याला दोनदा तांबडी भाजी जाते, आणि तिच्याकडून आमच्याकडे ताक येते. ताकाची नोंद मी ठेवली नाही. नात्यातल्या देवघेवीचे वजन करू लागले, तर आजीने मला घरात घेतले नसते.

बोलण्याच्या ओघात काका मला असेही म्हणाले, की तू उद्या लग्न होऊन जाणार, तुला परड्याचे काय? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, एवढेच मी त्यांना सांगितले. ते हसले, रागावले नाहीत. आजी मात्र आतून म्हणाली, "परड्याक रोजचो पायरव होयो. तो कोण देतला, ता बोला." हक्कापेक्षा हा प्रश्न अवघड आहे, आणि माझा भाऊ व मी, दोघांनाही तो लागू आहे. मी पदवीनंतर कोठे असेन, हे मला आज सांगता येत नाही.

त्यानंतर दोघे भाऊ एवढ्यावर आले आहेत: विहीर सामाईक राहील, पाण्याचा आणि विहिरीपर्यंत येण्याजाण्याचा हक्क दोघांचाही लेखी असेल, आणि बाबांना जमले तर काकांचा हिस्सा हप्त्यांनी त्यांनीच घ्यावा, न जमल्यास काका बाहेर विकतील. हप्त्याची रक्कम ठरलेली नाही. मांडवाची जागा कोणाच्या बाजूला येते, हे मोजणी झाल्यावर कळेल. मोजणीचा अर्ज दिला आहे. मोजणीला माणसे येतील तेव्हा हद्दीचे दगड दिसले पाहिजेत, म्हणून भाऊ आणि मी रविवारी गडग्याच्या कडेचे तण काढतो. यंदा आईने वैशाखात सुरणाचे पाच लहान गड्डे लावले. ज्या पट्ट्यातून रेषा जाण्याचा संभव आहे, नेमक्या त्याच पट्ट्यात. तेथेच का, असे बाबांनी विचारले, तेव्हा ती जागा ओल धरते, एवढेच कारण तिने सांगितले.